पहिलीच्या वर्गातली दुसरी भाषा

मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीला येणारे मूल मराठी बोलतच येते, असे धरून महाराष्ट्राचा प्राथमिक अभ्यासक्रम आखलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती-राजुरा पट्ट्यात हे गृहीतक शाळेच्या पहिल्याच दिवशी कोसळते. तिथल्या टोल्यांवरचे, गुड्यांवरचे सहा वर्षांचे मूल गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलत वर्गात येते. त्याला पुष्कळ काही येत असते. झाडांची नावे, पाखरांचे आवाज, कोणते कंद कधी खणायचे, मोहाची फुले कधी वेचायची, हे सगळे त्याला ठाऊक असते आणि सांगताही येते. फक्त ते ज्या भाषेत सांगता येते ती भाषा फळ्यावर नसते, पुस्तकात नसते आणि बहुधा गुरुजींनाही येत नसते.

हा प्रश्न दुसरी भाषा शिकवण्याच्या शास्त्राचा आहे. या शास्त्राला जगात मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा भाग लहान मुलांना फ्रेंच शिकवताना लिहिला गेला. पुण्यात किंवा मुंबईत एखादे मूल हौसेने फ्रेंच शिकू लागते, तेव्हा त्याला ती भाषा मुळीच येत नाही हे शिक्षक, पुस्तक आणि पालक तिघेही मान्य करून बसलेले असतात. म्हणून सुरुवात ऐकण्या-बोलण्यापासून होते. नमस्कार, नाव, रंग, फळे, घरातली माणसे अशी चढती रचना असते, चित्रे असतात, गाणी असतात. अडले की मुलाला त्याच्या भाषेत समजावले जाते. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘डेल्फ प्रिम’ नावाची वेगळी परीक्षा आहे आणि तिच्या पायऱ्याही मुलाच्या वयाला धरून ठरवलेल्या आहेत. भामरागडच्या मुलाला मराठी तितकीच परकी असते. त्याच्या हाती मात्र पुण्याच्या मराठी मुलाचे पुस्तक येते, आणि पहिल्या महिन्यापासून त्याने ते वाचायला शिकावे अशी अपेक्षा असते. ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, तो शब्द अक्षरे जुळवून वाचण्याला वाचन म्हणता येत नाही.

या दोन जिल्ह्यांचा भाषिक नकाशा महाराष्ट्रात दुसरीकडे सापडत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत सिरोंचाकडे तेलुगू चालते. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत आणि तिथे घरोघरी बंगाली ऐकू येते. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी मिसळते. जिवतीच्या डोंगरांत गोंड आणि कोलाम वस्त्यांच्या शेजारी मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे आहेत. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी गटांपैकी माडिया गोंड आणि कोलाम हे दोन याच भागात आहेत. जिथे मराठी हीच घरची भाषा आहे, तिथेही ती पुस्तकातली मराठी नसते, झाडीबोली असते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळ्याला डोरा म्हणणारे मूलही प्रमाण मराठी काही प्रमाणात शिकतच असते. तरी त्याला वाक्य कळते, गोष्ट कळते. गोंडी मुलाला तेवढाही आधार नसतो.

गोंडी ही द्राविडी कुळातली, तेलुगूच्या जवळची भाषा. २०११च्या जनगणनेत देशभर तिच्या सुमारे ३० लाख भाषकांची नोंद झाली. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मराठी आणि गोंडी यांच्या शेजाराला शतके झाली आहेत, त्यामुळे काही गोष्टी मुलाला सोप्या जातात. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. मराठी मुलाला फ्रेंच शिकताना क्रियापद आधी आणि कर्म नंतर बोलण्याची सवय करावी लागते, तसली कसरत गोंडी मुलाला मराठीत करावी लागत नाही.

खरी अडचण लिंगात आहे. गोंडीत नामांचे मुख्य गट दोन. एका गटात पुरुष येतात, आणि बाई, गाय, झाड, दगड असे बाकीचे सगळे दुसऱ्या गटात. मराठीत तीन लिंगे आहेत आणि निर्जीव वस्तूंना ती कोणत्या न्यायाने लागली हे मराठी माणसालाही सांगता येत नाही. तो आंबा, ती चिंच, ते केळे. यापुढे भूतकाळ येतो. मुलाने आंबा खाल्ला, मुलाने चिंच खाल्ली, मुलाने केळे खाल्ले. खाणारा एकच, पण क्रियापद खाल्लेल्या फळाप्रमाणे बदलते आणि खाणाऱ्याला ‘ने’ लागतो. द्राविडी भाषांत क्रियापद कर्त्याशी जुळते. म्हणून गोंडी मूल ‘मुलगा चिंच खाल्ला’ असे बोलले, तर ते आपल्या भाषेचा नियम काटेकोरपणे पाळत असते. ती चूक बुद्धीची नाही, शिस्तीची तर नाहीच. मात्र तिच्यामागचे कारण शिक्षकाला माहीत नसेल, तर वहीवर लाल फुल्या वाढत जातात आणि मूल बोलायचेच थांबते.

फ्रेंच शिकवणाऱ्यांना हीच अडचण रोज भेटते, कारण फ्रेंचमध्येही टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी. त्यांचा उपाय साधा आहे. नाम कधी सुटे शिकवायचे नाही, त्याच्या आधीच्या उपपदासह एका दमात शिकवायचे. पुल्लिंगी चित्रांना एक रंग, स्त्रीलिंगी चित्रांना दुसरा. लिंगाचा नियम कुठे सांगायचा नाही, कारण मुलाच्या कानाला जोडी ओळखीची झाली की नियमाची गरज उरत नाही. मराठीच्या वर्गात हे जसेच्या तसे करता येते. चित्रपट्टीवर नुसते ‘चिंच’ न लिहिता ‘ती चिंच’ लिहावे, ‘तो आंबा’ लिहावे, आणि तीन रंगांच्या चौकटी कराव्यात. या कामाला रंगीत खडूंपलीकडे खर्च नाही.

उच्चाराचेही असेच आहे. मूळ द्राविडी शब्दांत ख, घ, भ, ध असे महाप्राण नाहीत. शेजारच्या भाषांतून आलेल्या शब्दांमुळे ते गोंडीत कमी-अधिक रुळले आहेत. मुलाच्या कानाला ‘घर’ आणि ‘गर’ यांतला फरक सुरुवातीला जाणवत नसेल, तर श्रुतलेखनात तो दिसणारच. आधी कान तयार करावा लागतो. जोडीने शब्द ऐकवून, ओठांपुढे हात धरून निघणारा श्वास जाणवून देण्याचा सराव कुठल्याही भाषावर्गात चालतो. काही आठवडे तो केला तर शुद्धलेखनातली पुष्कळशी दुरुस्ती आपोआप होते.

अंकांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. मराठीत २५ हा आकडा लिहिताना २ आधी येतो आणि बोलताना पाच आधी येतात. एकवीस ते नव्याण्णवपर्यंतचे जवळजवळ प्रत्येक संख्यानाम वेगळे पाठ करावे लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसबरोबर ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर गदारोळ झाला. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मूल आधी संख्येची रचना समजून घेऊ दे, रूढ नावे त्यानंतर येतील, अशी त्यामागची भूमिका होती. भाषेचा अपमान झाला असे ज्यांना वाटले, त्यांच्या डोळ्यांपुढे मराठी घरातले मूल होते. उंदी, रंड, मूंद असे मोजणारे मूल डोळ्यांपुढे आणले की ही सुधारणा किती जरूर होती हे पटते. त्या मुलाला बेरीज कळत असते. अडते ते ‘एकोणसाठ’ या शब्दापाशी, आणि गुण मात्र गणितातले जातात. फ्रेंचमध्ये ७०ला ‘साठ दहा’, ८०ला ‘चार वीस’ आणि ९०ला ‘चार वीस दहा’ म्हणतात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषकांनी सत्तर आणि नव्वदसाठी सरळ शब्द राखले, त्यांच्या शाळा त्याच शब्दांत शिकवतात, आणि त्यामुळे फ्रेंच भाषा बुडाली नाही.

मुलाच्या भाषेतून सुरुवात करण्याचा प्रयोग या भागाला नवा नाही. १९४० मध्ये निजामाच्या राज्यात आदिलाबादच्या जंगलात कोमराम भीम यांचे बंड झाले. त्यानंतर गोंडांची स्थिती अभ्यासण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना पाठवले. त्यांच्या शिफारशीतून १९४३च्या सुमारास मार्लवाई या गोंड खेड्यात शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड तरुणांनाच शिक्षक करायचे, पहिली पुस्तके गोंडीत काढायची आणि ती देवनागरीत छापायची असे ठरले. देवनागरीचे कारण व्यवहाराचे होते. त्या मुलखात बाहेरच्यांशी बोलायची भाषा मराठी होती, ज्या थोड्या गोंडांना लिहितावाचता येई त्यांना ते मराठीतूनच येई. एकदा शिकलेली अक्षरे दोन्ही भाषांना पुरत.

या कामात एक मराठी माणूस आघाडीवर होता. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबाद संस्थानच्या नोकरीत आदिलाबादला होते. ते गोंडी शिकले, तिचे व्याकरण त्यांनी लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. शिवकाल आणि निजामशाहीच्या कागदपत्रांत रमणाऱ्या अभ्यासकाने गोंडीची क्रियापदे चालवून दाखवली, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही ठळकपणे नोंदवावी अशी गोष्ट आहे. ती तशी नोंदली गेलेली नाही.

आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आला. आदिलाबादचा उरलेला भाग आंध्रात गेला, शाळेची भाषा तेलुगू झाली आणि देवनागरीतली गोंडी पुस्तके मागे पडली. सीमेच्या अलीकडे मराठी माध्यम आले. दोन्ही राज्यांनी आपापल्या भाषेचे राज्य मिळवले, आणि मध्ये राहणाऱ्यांची भाषा दोन्हीकडच्या शाळांतून निघून गेली.

अलीकडच्या बाजूला खऱ्या अर्थाने पुन्हा आरंभ झाला तो हेमलकशाला. बाबा आमटे यांनी १९७३च्या डिसेंबरात भामरागड तालुक्यात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. दवाखान्यात रुग्णाला काय होते आहे हे कळण्यासाठी डॉक्टरांना माडिया शिकावी लागली. १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली, तेव्हा तेच शिक्षकांनाही करावे लागले. मुलांना आधी शाळेची ओळख नव्हती, वसतिगृहाची नव्हती, मराठीची नव्हती. शिक्षकांनी माडिया शिकून मुलांना मराठीपर्यंत आणले, आणि त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झालेले माडिया तरुण निघाले. प्रकल्पाच्या पुढच्या पिढीने लहान मुलांसाठी माडिया आणि मराठी अशी दुभाषिक पुस्तकेही तयार केली. ज्याला शिकवायचे त्याची भाषा शिकवणाऱ्याने आधी शिकावी, ही गोष्ट दवाखान्यात कोणाला पटवून द्यावी लागली नाही. रुग्णाचे दुखणे कळल्याशिवाय औषध देता येत नाही. शाळांमध्ये मात्र ती अजून पटवून द्यावी लागते, कारण वर्गात न समजणारे मूल गप्प बसते आणि गप्प बसण्याची तक्रार कोठे नोंदली जात नाही.

फ्रान्सच्या आतही हेच घडले आहे. ज्यूल फेरी यांच्या १८८१-८२च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, तेव्हा ब्रिटनी प्रांतातली शेतकऱ्यांची मुले ब्रेटन भाषा बोलत होती. ती फ्रेंचपासून इतकी दूर आहे की मुलांना शाळा कळेना. इरेने कॅरे नावाच्या शिक्षण निरीक्षकाने त्या मुलांना थेट फ्रेंचमधूनच फ्रेंच शिकवण्याची पद्धत सुचवली. वस्तू दाखवायची, कृती करायची आणि बोलायचे, पण मुलाची भाषा मध्ये आणायची नाही. पद्धतीतला पहिला भाग आजही उत्तम आहे. दुसऱ्या भागाने घात केला. पुष्कळ शाळांत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी खूण, कधी लाकडी बूट, अडकवली जाई. त्याने दुसऱ्या एखाद्याला ब्रेटन बोलताना पकडून ती खूण त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे ती असेल त्याला शिक्षा. भाषा शिकवण्यासाठी मुलांना एकमेकांचे हेर करणारी ही रीत कित्येक दशके चालली. ब्रेटनला शाळेत थोडी जागा देणारा देक्सोन कायदा १९५१ मध्ये झाला. १९७७ मध्ये पालकांनी दिवान या ब्रेटन माध्यमाच्या शाळा स्वतः काढल्या. तोपर्यंत दोन पिढ्यांनी आपल्या मुलांशी ब्रेटन बोलणे सोडले होते. गडचिरोलीत गळ्यात लाकडी बूट कोणी घातलेला नाही. पण ‘वर्गात गोंडी बोलू नका’ हे वाक्य चांगल्या हेतूनेही बोलले गेले, तरी त्याचा परिणाम त्याच दिशेला जातो.

याच फ्रेंचचा दुसरा प्रयोग कॅनडात झाला आणि तो यशस्वी ठरला. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावातल्या इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरून आपल्या २६ मुलांचा बालवर्ग पूर्ण फ्रेंचमधून सुरू करवला. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा काही वर्षे अभ्यास करून १९७२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांचे फ्रेंच आकलन फार चांगले झाले आणि इंग्रजी मागे पडली नाही. बोलण्या-लिहिण्यात मात्र ती फ्रेंच मुलांच्या बरोबरीला पोहोचली नाहीत. हा दाखला ‘लहान मुले काय, कोणतीही भाषा उचलतात’ असे म्हणण्यासाठी अनेकदा दिला जातो. पण तिथली परिस्थिती नीट पाहायला हवी. वर्गातली सगळी मुले एकाच पायरीवर होती. शिक्षिकेला मुलांची इंग्रजी कळत होती, आणि सुरुवातीला त्यांनी इंग्रजीत बोलले तरी चालत होते. घरची भाषा प्रतिष्ठेची होती, गोष्टींची पुस्तके घरात होती, आणि काही वर्षांनी इंग्रजी हा विषय शाळेतही सुरू झाला. पालकांनी हे स्वतः निवडले होते. यांतली एकही गोष्ट एटापल्लीच्या पहिलीत नसते. तिथले मूल भाषेत पोहायला शिकत नाही, बुडते. मेरिल स्वेन यांच्यासारख्या कॅनडाच्याच संशोधकांनी या दोन स्थितींना दोन वेगळी नावे दिली आणि एकीच्या यशावरून दुसरीचे समर्थन करता येत नाही, हे वारंवार सांगितले.

तिसरा अनुभव इंग्लंडचा. १९६३ पासून तिथे आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवण्याची मोठी योजना प्रायोगिक स्वरूपात राबवली गेली. दहा वर्षांच्या पाहणीनंतर १९७४ मध्ये क्लेअर बर्स्टॉल यांचा अहवाल आला. लवकर सुरुवात केलेल्या मुलांना, उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा फारसा टिकाऊ फायदा झाला नव्हता. प्राथमिक शाळांत भाषा शिकवण्याची तयारी असलेले शिक्षक पुरेसे नव्हते, आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर मुलांना पुन्हा पहिल्यापासून फ्रेंच शिकवली जाई. नंतर स्पेनमध्ये बार्सिलोनात झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. आठवड्याला मोजके तास मिळत असतील, तर थोडी मोठी मुले लहानांपेक्षा झपाट्याने शिकतात. लहान वयाचा फायदा मिळायला भाषेचा सहवास भरपूर लागतो. महाराष्ट्राने जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तेव्हा हा अहवाल पाव शतक जुना होता.

आपल्याकडे गोंडी मुलांसाठी शासनाने आखलेला पद्धतशीर प्रयत्न पुन्हा सीमेपलीकडेच झाला. आंध्र प्रदेशाने २००४च्या सुमारास आठ आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले. त्यांत गोंडी, कोया आणि कोलामी होत्या. ओडिशाने २००६ पासून दहा भाषांत तसाच कार्यक्रम घेतला. दोन्हीकडची मांडणी साधारण एकच. पहिलीत वाचन-लेखन मुलाच्या भाषेतून आणि राज्यभाषा फक्त तोंडी, पुढच्या इयत्तांत राज्यभाषेचा वाटा वाढवत न्यायचा, पाचवीपर्यंत मूल दोन्ही भाषांत लिहू-वाचू लागले पाहिजे. राज्यभाषेची सुट्टी कोणी केलेली नाही. ती पक्की यावी म्हणूनच तिला दोन वर्षे उशिरा कागदावर आणायचे. कॅनडाचे जिम कमिन्स यांनी दाखवले आहे, की दुसऱ्या भाषेत खेळण्या-बोलण्याइतकी गती साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेतून गणित, विज्ञान, इतिहास समजण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षे लागतात. आश्रमशाळेतला तिसरीचा मुलगा मैदानावर झकास मराठी बोलतो आणि परिसर अभ्यासाच्या पेपरात कोरा कागद ठेवतो, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

कायद्याने दार बंद केलेले नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क १९५६च्या सातव्या दुरुस्तीने आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेचे माध्यम ठेवायला सांगते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच आहे. याच आधारावर धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव करून ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ ही गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गोंडीबरोबर मराठी आणि इंग्रजीही तिथे शिकवल्या जातात. २०२२ मध्ये ही शाळा मान्यतेविना चालते म्हणून शिक्षण विभागाची नोटीस आली. शिक्षण हक्क कायद्यात अशा शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे रोज दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ग्रामसभेने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आणि घटनेचे अनुच्छेद पुढे करत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. एकाच कायद्याचे एक कलम मातृभाषेतून शिकवा म्हणते आणि दुसऱ्या कलमाखाली मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळेवर दंडाची टांगती तलवार येते. शासनाने स्वतः गोंडी माध्यमाची एक तरी शाळा काढली असती, तर मोहगावला ही पाळी आली नसती.

मोहगावच्या पुढे लिपीचाही प्रश्न आहे. १९१८ मध्ये बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबादच्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांत दुसरी लिपी सापडली. युनिकोडमध्ये पहिली २०१७ मध्ये आली, दुसरी २०१८ मध्ये. समाजाला आपल्या लिपीचा अभिमान वाटतो आणि तो योग्य आहे. पण सहा वर्षांच्या मुलासाठी पगडींच्या काळातला हिशेब अजून खरा आहे. महाराष्ट्रात गोंडी देवनागरीत सुरू केली तर तीच अक्षरे वर्षभरात मराठीलाही लागू पडतात. गोंडी लिपी चौथी-पाचवीत गोडीने शिकवता येईल. तोवर मुलाच्या हातात वाचनाचे कौशल्य आलेले असते आणि दुसरी लिपी त्याला सहज जमते.

शाळेचे वेळापत्रक हाही भाषेचाच प्रश्न आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतो, पलीकडच्या गावांत शिक्षक पोहोचत नाहीत. नवीन भाषेसाठी पहिले दोन महिने रोजच्या सहवासाचे असायला हवेत, आणि नेमके तेच विस्कळीत होतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडू लागली की पहाटेपासून सगळे घर वेचायला जाते, मुलेही जातात. दोन शिक्षकांच्या शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला की उरलेल्याला चार इयत्ता सांभाळायच्या असतात. बदलीची वाट पाहणारा शिक्षक गोंडी शिकायला घेईल, ही अपेक्षा त्याच्या बाजूनेही अन्यायाची आहे.

अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांची पदे स्थानिक आदिवासींतून भरण्याचा आदेश महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०१४ मध्ये काढला होता. आंध्रमधल्या अशाच शंभर टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये नकार दिला आणि त्यानंतर इकडची भरतीही वादात सापडली. यातून वाट निघू शकते ती भाषेच्या पात्रतेची. बँकेला, पोलिसांना स्थानिक भाषेची अट असते. भामरागडच्या पहिलीच्या शिक्षकाला माडिया आली पाहिजे ही अट जातीची नाही, कामाची आहे. ज्याला येत नाही त्याला सहा महिने पगारी प्रशिक्षण द्यावे आणि उत्तीर्ण झाल्यावर वेतनवाढ द्यावी.

तोवर एक व्यक्ती गावात हजर आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. अंगणवाडी सेविका गावातली असते, तिला गोंडी येते आणि कामापुरती मराठीही येते. तीन ते सहा वयाची मुले तिच्याकडे रोज येतात. नव्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, पण अंगणवाडी एका विभागाची आणि शाळा दुसऱ्या विभागाची, कित्येकदा एकाच आवारात असूनही. सेविकेला तासाभरासाठी पहिलीच्या वर्गात मानधनावर बोलावले तर काय होईल हे पाहायला मोठ्या योजनेची गरज नाही. ती गोष्ट गोंडीत सांगेल. दुसऱ्या दिवशी शिक्षक तीच गोष्ट, त्याच चित्रांवर, मराठीत सांगेल. मुलांना पुढे काय होणार हे माहीत असल्याने त्यांचे सगळे लक्ष नव्या शब्दांकडे राहील. तिसऱ्या दिवशी ‘ऊठ’, ‘पाणी आण’, ‘दार लाव’, ‘वाघासारखा चाल’ अशा आज्ञांचा खेळ. मुलाने काही बोलायचे नाही, फक्त करून दाखवायचे. कृतीतून उत्तर देण्याची ही पद्धत जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडली आणि जगभरच्या बालवर्गांत ती चालते. मूल महिना-दीड महिना एकही मराठी शब्द उच्चारणार नाही. ते ऐकण्याचे दिवस असतात आणि त्यांत त्याला बोलायला भाग पाडू नये. नंतर ते एकेका शब्दात बोलेल, मग दोन शब्दांत. रेला पाटा म्हणजे गोंडांचे फेर धरून म्हणायचे गाणे. ओळ घोळवत जाणाऱ्या त्या चालीवर मराठी वाक्ये बसवली, तर पाठांतराचा ताण राहत नाही.

पालकांना काय हवे आहे, तेही ऐकले पाहिजे. अनेकांना मुलाने इंग्रजी शिकावे असे वाटते, आणि आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून सहा-सात वर्षांची मुले शहरांतल्या निवासी इंग्रजी शाळांत जातात. गोंडीतून सुरुवात म्हणजे मुलाला मागे ठेवणे, ही भीती त्यांना बाहेरच्या जगाने शिकवली आहे आणि ती नुसत्या भाषणांनी जाणार नाही. तिसरीतले मूल मराठी पुस्तक अर्थासह वाचताना पालकांनी पाहिले की जाईल. मोहगावच्या ग्रामसभेने तीनही भाषा ठेवल्या, यात पालकांच्या अपेक्षेची नेमकी जाण आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये त्यात बदल केला आणि २९ जून रोजी दोन्ही आदेश मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वादात राज्यभर मुलांवरच्या भाषांच्या ओझ्याबद्दल पुष्कळ बोलले गेले. मराठी घरातल्या मुलासाठी हिंदी तिसरी ठरली असती. माडिया मुलाची पहिली भाषा मोजणीतच नाही. त्याची शाळेतली पहिली भाषा मराठी ही त्याची दुसरी आहे, इंग्रजी तिसरी, आणि पाचवीत येणारी हिंदी चौथी. भाषाधोरण ठरवणाऱ्या समितीच्या तक्त्यात अनुसूचित क्षेत्रासाठी वेगळा रकाना असायला हवा. त्यात पहिली-दुसरीला गोंडी, माडिया किंवा कोलामीतून वाचन-लेखन आणि मराठी तोंडी, तिसरीपासून मराठी वाचन-लेखन, आणि इंग्रजी त्यानंतर, असा क्रम लिहिला पाहिजे. त्यासोबत पहिलीसाठी ‘मराठी, दुसरी भाषा’ असे स्वतंत्र पुस्तक बालभारतीने काढावे. अन्य माध्यमांच्या शाळांसाठी मराठीची सोपी पुस्तके ती संस्था काढतेच. मराठी माध्यमाच्या शाळेतही असे पुस्तक लागू शकते, एवढे मान्य करायचे बाकी आहे.